यंत्राची स्मृति आणि तिचा वेग

संगणकाच्या इतिहासाविषयीं आपल्याकडे जें थोडेंबहुत लिहिलें जातें, त्यांत गणना करणाऱ्या भागाचें कौतुक फार आणि स्मरण ठेवणाऱ्या भागाची वास्तपुस्त अगदींच थोडी, असा अनुभव येतो. एका सेकंदांत अमुक कोटि बेरजा होतात, हें वाक्य ऐकणारास चकित करतें. परंतु त्या बेरजांचे आंकडे कोठून येतात, येण्यास त्यांस किती वेळ लागतो, आणि ते येईपर्यंत तें शीघ्रगणिती यंत्र काय करीत बसतें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः आंकडे दूर असले म्हणजे तें नुसतें वाट पाहत बसतें. गेल्या पाऊणशें वर्षांत संगणकाच्या रचनेंत जे मोठे फेरफार झाले, त्यांतील पुष्कळसे हा वाट पाहण्याचा काळ कमी करण्यासाठीं, आणि तो कमी होत नाहीं असें दिसल्यावर निदान झांकून ठेवण्यासाठीं झाले आहेत, असें आमचें मत आहे. तें साधार आहे कीं नाहीं, हें वाचकांनींच पाहावें.

हा विषय निवडण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. आज मध्यम स्थितींतील कुटुंबांतही मुलांच्या शिक्षणासाठीं एखादा संगणक घेण्याचा प्रसंग येतोच. त्या वेळीं दुकानदार ‘डीडीआर ४’, ‘डीडीआर ५’, ‘३२००’, ‘४८००’ असे शब्द बीजमंत्रासारखे उच्चारतो, आणि जेवढा मोठा आंकडा तेवढा मोठा वेग, असें समजून आपण पैसे मोजून मोकळे होतों. हा समज सर्वथा खोटा नाहीं. तो अर्धा खरा आहे. राहिलेलें अर्धें सत्य हातीं लागण्यासाठीं मात्र आपणांस दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मागें जावें लागेल.

फिलाडेल्फिया येथें तयार झालेलें ‘एनिॲक’ हें यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्यें लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तें सेकंदास ५,००० बेरजा करी. पण या अवाढव्य यंत्रास चालत्या हिशेबांतील दहा-दहा अंकांच्या अवघ्या २० संख्याच लक्षांत ठेवतां येत. घरांत बुद्धि अपार, पण लिहून ठेवण्यास पाटी वीतभर, अशी ती स्थिति होती. एक-एक अंक धरून ठेवण्यास नळ्यांचा समूह खर्चीं घातल्यावर यापेक्षां मोठी पाटी परवडणार तरी कशी?

या भागास ‘स्मृति’, म्हणजे आज ज्यास आपण सर्रास मेमरी म्हणतों तें नांव, रूढ होण्यास जॉन फॉन नॉयमन याचा जून १९४५ चा अहवाल बराच कारणीभूत झाला. त्यांत यंत्राच्या भागांस शरीरांतील इंद्रियांची उपमा दिलेली आहे. त्यापूर्वीं शंभर वर्षे चार्ल्स बॅबेजनें आपल्या कल्पिलेल्या यंत्राच्या गणना करणाऱ्या भागास ‘गिरणी’ आणि सांठवणाऱ्या भागास ‘कोठार’ म्हटलें होतें. आमच्या मतें बॅबेजचा शब्द अधिक प्रामाणिक होता. स्मृति म्हटली कीं आठवण तत्काळ होते असा भास होतो. कोठार म्हटलें कीं उठून तेथवर जावें लागतें, कुलूप काढावें लागतें, पोतें शोधावें लागतें, हें लगेच डोळ्यांपुढें येतें. या लेखाचा सारा विषय त्या जाण्यायेण्याचाच आहे.

तरी फॉन नॉयमन भासास भुलला नव्हता. जून १९४६ मध्यें प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेंत बर्क्स आणि गोल्डस्टाइन या सहकाऱ्यांसह त्यानें जो दुसरा अहवाल लिहिला, त्यांत एक गोष्ट निःसंदिग्धपणें मांडली आहे. स्मृति अमर्याद असावी आणि तींतील हवा तो शब्द तत्क्षणीं मिळावा, हें झालें इच्छेपुरतें. प्रत्यक्षांत लहान पण चपळ, तिच्यामागें मोठी पण मंद, तिच्यामागें त्याहून मोठी आणि त्याहून मंद, अशी उतरंड रचल्यावांचून गत्यंतर नाहीं, असा त्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढील पाऊणशें वर्षांत पदार्थ बदलले, कारखाने बदलले, किंमती कोट्यवधि पटींनीं उतरल्या. ही उतरंड मात्र हलली नाहीं.

पहिला पदार्थ होता पारा. युद्धकाळांत रडारच्या कामासाठीं विजेचा ठोका कांहीं काळ अडवून धरण्याची युक्ति प्रेस्पर एकर्ट यानें विकसित केली होती. तीच संगणकास लावण्यांत आली. पाऱ्यानें भरलेल्या नळीच्या एका टोकास गारेचा स्फटिक बसवावयाचा, विजेचे ठोके त्याच्याकडून ध्वनीच्या रूपानें पाऱ्यांत सोडावयाचे, दुसऱ्या टोकाच्या स्फटिकानें ते पुन्हां विजेच्या रूपांत झेलावयाचे, सुधारून घ्यावयाचे आणि परत पहिल्या टोकास पाठवावयाचे. जोंवर हा फेरा चालू तोंवर आठवण जिवंत! केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यानें बांधलेलें ‘एड्सॅक’ हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं चालूं झालें आणि त्यानें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून दिलें. त्याच्या नळ्या सुमारें पांच फूट लांब होत्या आणि प्रत्येक नळींत ५७६ ठोके एकामागून एक धांवत असत. पाऱ्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,४५० मीटर जातो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास सेकंदाचा सहस्रांश भाग, किंबहुना किंचित् अधिकच. हवा असलेला आंकडा नुकताच टोकाशीं येऊन परत गेला असेल, तर तो पुन्हां येईपर्यंत तेवढा वेळ यंत्रानें हात जोडून उभें राहावयाचें.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाऱ्यांतील ध्वनीचा वेग उष्णमानाप्रमाणें बदलतो, म्हणून त्या नळ्यांचें उष्णमान फार जपावें लागे. यावर ॲलन ट्यूरिंग यानें असें सुचविलें होतें म्हणतात, कीं पाऱ्याऐवजीं जिन नांवाचें मद्य भरावें. कारण पाणी आणि मद्यार्क यांच्या एका विशिष्ट मिश्रणांत नेहमींच्या उष्णमानास ध्वनीचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. सूचनेंतील पदार्थविज्ञान अगदीं शुद्ध होतें. ती अंमलांत आली नाहीं, हें त्या यंत्रशाळांतील शिस्तीच्या दृष्टीनें बरेंच झालें म्हणावयाचें.

पाऱ्याच्या नळींतील दोष केवळ मंदपणाचा नव्हता, क्रमाचा होता. आंकडे रांगेंत येत आणि आपल्या आंकड्याची पाळी येईपर्यंत थांबावें लागे. मँचेस्टर येथें फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनीं ही रांगच मोडून काढली. चित्रनळीच्या कांचेवर विजेच्या किरणानें ठिपके उमटवावयाचे आणि त्या ठिपक्यांच्या जागीं राहिलेला विद्युद्भार हीच आठवण मानावयाची, ही त्यांची योजना. किरण वाटेल त्या ठिपक्यावर सारख्याच वेळांत वळवितां येतो. पहिला ठिपका आणि हजारावा ठिपका यांत जवळचा-दूरचा असा भेद उरत नाहीं. या पद्धतीचें त्यांचें चिमुकलें यंत्र २१ जून १९४८ रोजीं चाललें. त्याची सारी स्मृति १,०२४ बिटांची, म्हणजे होय-नाहीं अशा १,०२४ उत्तरांची होती. आयबीएम कंपनीच्या १९५२ मधील ‘७०१’ या यंत्रांत याच पद्धतीनें १२ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या बारा पटींत, शब्द मिळूं लागला. पाऱ्याशीं तुलना केली तर ही झेप मोठी खरी. पण कांचेवरील भार क्षणार्धांत विरून जाई, म्हणून तो पुनःपुन्हां गिरवीत राहावें लागे. वाळूंत काढलेलें अक्षर लाटेनें पुसण्यापूर्वीं गिरवावें, तसा हा उद्योग होता. हा गिरवण्याचा प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

आणि जेथें पैसा थोडा तेथें काय? तेथें फिरतें पिंप आलें. लोहचुंबकीय लेपाचें पिंप गरगर फिरवावयाचें आणि त्याच्या अंगावरील खुणा जवळ बसविलेल्या वाचकांनीं टिपावयाच्या. १९५४ पासून गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागलेलें आयबीएमचें ‘६५०’ हें यंत्र याच जातीचें. त्याचें पिंप मिनिटास १२,५०० फेरे घेई; एका फेऱ्यास ४.८ मिलिसेकंद लागत, आणि म्हणून सरासरी वाट पाहणें २.४ मिलिसेकंदांचें. पिंपावर २,००० शब्द मावत, एकेका पट्ट्यावर ५० प्रमाणें.

या यंत्राविषयीं आम्ही किंचित् अधिक लिहितों, कारण स्मृतीचा मंदपणा मनुष्यबुद्धीस कसें वळण लावतो याचें यापेक्षां चांगलें उदाहरण नाहीं. ‘६५०’ च्या प्रत्येक आज्ञेंत पुढची आज्ञा पिंपावर कोठें आहे तो पत्ताही लिहिलेला असे. आज्ञा एकीशेजारीं एक ठेवल्या, तर पहिली आज्ञा पुरी होईपर्यंत दुसरीची जागा वाचकाखालून निघून जाई आणि मग पूर्ण फेऱ्याची खोटी होई. म्हणून कसलेला आज्ञालेखक हिशेब करी: या गुणाकारास इतका वेळ लागेल, तोंवर पिंप इतकें फिरेल, तेव्हां पुढची आज्ञा बरोबर त्या जागीं ठेवावी, म्हणजे हात पुढें करतांच ती हातांत येईल. फिरत्या चाकावरील नेमकी आरी पकडण्याचा हा खेळ. त्याच्या जोरावर तेंच पिंप आणि तोच हिशेब कितीतरी कमी वेळांत उरकत असे. पुढें हा हिशेबही यंत्राकडूनच करून घेण्याची सोय १९५५ च्या सुमारास झाली. संगणकशास्त्रांतील विख्यात ग्रंथकार डोनल्ड क्नूथ यानें आपला महाग्रंथ एखाद्या गुरूस वा आप्तास नव्हे, तर विद्यार्थिदशेंत हाताळलेल्या एका ‘६५०’ यंत्रास अर्पण केला आहे. यंत्रास ग्रंथ अर्पण करणें पुष्कळांस विक्षिप्तपणाचें वाटेल. आम्हांस तें कृतज्ञतेचें वाटतें. अडचणी घालून शिकविणारा शिक्षक मागाहून आठवतो, तसाच हा प्रकार. जातां जातां हेंही सांगून टाकतों, कीं आज घरगुती संगणकांत ज्या फिरत्या चकत्या असतात त्यांपैकीं पुष्कळांचे फेरे मिनिटास ७,२०० असतात. म्हणजे फिरण्याच्या बाबतींत १९५४ चें तें पिंप आजच्या चकतीस मागें टाकतें!

यापुढचा अध्याय कड्यांचा. फेराइट या चुंबकीय पदार्थाचीं बारीक कडीं तारांच्या जाळींत ओंवावयाचीं; कड्याचें चुंबकत्व एका दिशेस फिरलें तर ‘एक’, उलट दिशेस फिरलें तर ‘शून्य’. आन वांग या चिनी-अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४९ मध्यें कड्यांच्या उपयोगाविषयीं पेटंटाचा अर्ज केला. परंतु उभ्या आणि आडव्या तारांतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडून जेथें त्या दोन तारा भेटतात तेवढेंच कडें नेमकें फिरवावयाचें, ही जाळीची कल्पना प्रत्यक्षांत उतरविली ती मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंतील जे फॉरेस्टर यानें. त्याच्या ‘व्हर्लविंड’ यंत्रांत आधीं विद्युद्भाराच्या नळ्याच होत्या. त्या महिनाभरांत निकामी होत. ऑगस्ट १९५३ मध्यें कड्यांची स्मृति बसविली आणि शब्द मिळण्याचा काळ २५ मायक्रोसेकंदांवरून ९ वर आला. श्रेयाचा आणि पैशाचा वाद अर्थात् झालाच. आयबीएमनें १९५६ मध्यें वांग यास पांच लक्ष डॉलर दिले आणि १९६४ मध्यें तंत्रसंस्थेस १ कोटि ३० लक्ष.

पण या कड्यांचीं जाळीं ओंवलीं कोणीं? सुईच्या नेढ्याएवढ्या कड्यांतून तीन-चार केसासारख्या तारा नेण्याचें काम बहुतांशीं स्त्रियांनीं, भिंगाखालीं पाहत, हातानें केलें. १९६९ मध्यें चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानांतील संगणकाची कायम स्मृति तर अक्षरशः विणलेली होती: तार कड्याच्या आंतून गेली तर ‘एक’, बाहेरून गेली तर ‘शून्य’. असे ३६,८६४ शब्द त्या विणकरणींनीं विणले. शोधकांचीं नांवें पेटंटांत राहिलीं. ओंवणाऱ्यांचीं हजेरीपटांत राहिलीं असतील तेवढींच. शास्त्राचा इतिहास लिहितांना आपण हातांपेक्षां डोक्यांचेंच मोजमाप अधिक करतों, याचें हें एक लहानसें उदाहरण.

आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट याच कड्यांशीं निगडित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण शास्त्रज्ञांनीं देशांतल्या देशांत एक संपूर्ण संगणक उभारला. तो १९६० मध्यें कामास लागला आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची फेराइट कड्यांची स्मृति होती. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेंत त्याच्या आधीं चारपांच वर्षे विलायतेहून आलेल्या यंत्राची मुख्य स्मृति फिरत्या पिंपाचीच होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे मुंबईच्या मंडळींनीं जुनें सोपें साधन सोडून नव्या साधनास हात घातला, यांतील धाडस कळून येतें.

कड्यांनीं जवळजवळ वीस वर्षे राज्य केलें. पण त्यांच्या राज्यांतच मूळ रोग उघडा पडला. गणना करणारा भाग ट्रान्झिस्टरांमुळें ज्या झपाट्यानें चपळ होत गेला, त्या झपाट्यानें कडीं होत ना. सेमूर क्रे यानें १९६४ मध्यें जें ‘सीडीसी ६६००’ यंत्र दिलें, त्याचें गणनेचें पाऊल १०० नॅनोसेकंदांचें होतें, तर स्मृतीचा एक फेरा १ मायक्रोसेकंदाचा. एकास दहा हें प्रमाण. त्यानें स्मृति ३२ स्वतंत्र भागांत विभागली, म्हणजे एक भाग गुंतला असतां दुसऱ्याकडे मागणी करतां यावी. उपाय हुषारीचा; पण यानें एकट्या मागणीची वाट कमी झाली नाहीं, अनेक मागण्या एकदम मार्गीं लागल्या इतकेंच. येथें प्रथमच ‘वेग’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून फुटून निघाले, असें आम्ही समजतों.

खरा उपाय पुन्हां त्या केंब्रिजच्या विल्क्सनें सुचविला. एप्रिल १९६५ मध्यें त्याचा दोनच पानांचा लेख प्रसिद्ध झाला. मोठ्या मंद स्मृतीपुढें एक लहान चपळ ‘दास-स्मृति’ ठेवावी. मोठींतून जें जें मागविलें जाईल त्याची प्रत तिनें आपल्याजवळ ठेवावी. तेंच पुन्हां मागितलें तर दूर न जातां लगेच द्यावें. या सूचनेच्या यशाचें मर्म यंत्रांत नसून कामाच्या स्वभावांत आहे. जी वस्तु आतां लागली ती थोड्याच वेळांत पुन्हां लागते, आणि तिच्या शेजारचीही लागते. आमच्या घरांतील स्त्रियांस हें तत्त्व कोणा विल्क्सनें शिकवावें लागलें नाहीं. मोहरी, हळद, हिंग, तिखट हीं मिसळणाच्या डब्यांत चुलीपाशीं, डाळी फडताळांत, वर्षाचे गहूं-तांदूळ कोठीच्या खोलींत, आणि जें तेथेंही नसेल तें बाजारांत. फोडणी तडतडत असतां कोणी कोठीच्या खोलीकडे धांवत नाहीं. डबा लहान असतो हा त्याचा दोष नव्हे. लहान असतो म्हणूनच तो हाताशीं राहतो.

१९६८ च्या जानेवारींत आयबीएमनें जाहीर केलेल्या ‘३६०’ मालिकेंतील ८५ क्रमांकाच्या यंत्रांत ही कल्पना प्रथम व्यापारी रूपानें आली. मुख्य स्मृतीचा फेरा सुमारें १ मायक्रोसेकंदाचा, तर या आंतल्या सांठ्याचा ८० नॅनोसेकंदांचा. कंपनीच्या नियतकालिकाच्या संपादकांस ‘अतिशीघ्र मध्यस्थ सांठा’ या अर्थाचें लांबलचक नांव रुचलें नाहीं, म्हणून ‘कॅश’ हा शब्द पुढें आला. त्याचें मूळ लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूंत आहे. नांव अन्वर्थक पडलें: आज्ञा लिहिणारास हा सांठा दिसत नाहीं, आणि दिसूं नये अशीच योजना आहे. ‘६५०’ च्या काळीं स्मृतीचा मंदपणा ज्याचा त्यानें सोसावयाचा व हिशेबांत धरावयाचा होता. आतां तो पडद्याआड गेला.

त्याच सुमारास कड्यांचीही अखेर जवळ आली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यास १९६६ मध्यें असें सुचलें, कीं एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा विद्युद्भारसंग्राहक एवढ्यावर एक बिट धरून ठेवतां येईल. जून १९६८ मध्यें त्यास पेटंट मिळालें. यापेक्षां काटकसरीची रचना अजून कोणास साधलेली नाहीं. पण काटकसरीची किंमत असतेच: भार गळतो, म्हणून तो ठराविक काळानें पुन्हां भरावा लागतो. विल्यम्सच्या कांचेवरील गिरवणें येथें परत आलें! आजच्या स्मृतींतील प्रत्येक ओळ साधारणतः ६४ मिलिसेकंदांस किंवा त्याहून कमी काळांत पुन्हां गिरवली जाते. याच्या उलट सहा ट्रान्झिस्टरांची जी रचना, ती वीज असेपर्यंत भार सोडीत नाहीं व फार चपळही असते. परंतु जागा आणि पैसा फार खाते. म्हणून पहिली जात मुख्य स्मृतीस आणि दुसरी आंतल्या लपलेल्या सांठ्यास, अशी वांटणी झाली ती आजतागायत.

ऑक्टोबर १९७० मध्यें इंटेल कंपनीचा ‘११०३’ हा तुकडा बाजारांत आला. त्यांत १,०२४ बिट होते. मँचेस्टरच्या त्या चिमुकल्या यंत्राच्या साऱ्या स्मृतीइतकेच, पण नखावर मावणारे. शब्द मिळण्यास सुमारें ३०० नॅनोसेकंद लागत. दोन वर्षांत कड्यांचे दिवस भरले. पुढें कांहीं काळ असा गेला कीं गणना आणि स्मृति यांचीं पाउलें जुळलीं: १९८१ च्या आयबीएम घरगुती संगणकाचें पाऊल सुमारें २१० नॅनोसेकंदांचें होतें, आणि त्या वेळचे स्मृतीचे तुकडेही त्याच घरांतले. पण हा समेट फार टिकला नाहीं. १९८९ मध्यें इंटेलच्या ‘४८६’ मध्यें गणकाच्या तुकड्यावरच आठ किलोबाइटांचा लपलेला सांठा घालावा लागला. आणि १९९५ मध्यें वुल्फ आणि मॅकी या दोघांनीं एका छोट्या लेखांत असा इशारा दिला, कीं हें अंतर असेंच वाढत राहिलें तर गणकाची चपळाई एका भिंतीवर जाऊन आदळेल. मग तो कितीही शीघ्र केला तरी काम शीघ्र होणार नाहीं.

आतां दुकानदाराच्या मंत्राक्षरांकडे वळूं. डेनार्डच्या जातीची स्मृति उभ्या-आडव्या ओळींची चौकट असते. आधीं आडवी ओळ उघडावयाची, तींतील अत्यल्प भार वाढवून वाचावयाचा, मग तींतील हवा तो रकाना निवडावयाचा, आणि शेवटीं ओळ मिटून पुढच्या मागणीसाठीं सज्ज व्हावयाचें. या विधीस लागणारा वेळ लांब तारांवर आणि इवल्याशा भारावर अवलंबून असल्यामुळें तो सहजासहजीं कमी होत नाहीं. जें वाढवितां येतें तें हें, कीं एकदां ओळ उघडली म्हणजे तींतून एकामागून एक शब्द किती झपाट्यानें बाहेर ओतावयाचे. ‘३२००’ हा आंकडा या ओतण्याचा आहे. पहिला शब्द येण्याच्या वाटेचा नव्हे.

हें आंकड्यांनींच पाहावें. २००० साली प्रमाणित झालेल्या पहिल्या डीडीआर पिढींतील ४०० च्या स्मृतीस रकाना सांगितल्यापासून पहिला शब्द येण्यास साधारणपणें तीन ठोके, प्रत्येक ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १५ नॅनोसेकंद लागत. २००७ च्या तिसऱ्या पिढींतील १६०० च्या स्मृतीस ११ ठोके, प्रत्येक सव्वा नॅनोसेकंदाचा, मिळून पावणेचौदा. चवथ्या पिढींतील ३२०० च्या स्मृतीस २२ ठोके, आणि गुणाकार केला तर पुन्हां पावणेचौदाच. २०२० मध्यें प्रमाणित झालेल्या पांचव्या पिढींतील ४८०० च्या स्मृतीस ४० ठोके धरले, तर जवळजवळ पावणेसतरा. म्हणजे किंचित् अधिकच! याच अवधींत ओतण्याचें मान सेकंदास ३.२ अब्ज बाइटांवरून ३८.४ अब्जांवर, बारा पटींनीं, गेलें. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडीस डबे बारापट जोडले, उतारू बारापट पोंचले, परंतु बोरघाट उतरण्यास वेळ पूर्वींइतकाच लागला. ज्यास सारें गांव हलवावयाचें त्यास ही गाडी वरदान आहे. ज्यास एक तातडीचें पत्र पाठवावयाचें त्यास डब्यांचा कांहीं उपयोग नाहीं. चित्रें आणि चलच्चित्रें हा पहिला प्रकार. एका नोंदींतून दुसरीचा पत्ता आणि दुसरींतून तिसरीचा, असा माग काढीत जाणें हा दुसरा. तेव्हां, मोठा आंकडा घ्यावा कीं नाहीं, याचें उत्तर दुकानांत नसून घरीं काय काम करावयाचें त्यांत आहे. आणि सर्वांच्या आधीं स्मृति पुरेशी मोठी असावी. कारण ती अपुरी पडली म्हणजे यंत्रास जेथें जावें लागतें, तें अंतर पाहिलें तर बाकीचे भेद क्षुल्लक ठरतात.

तें अंतर मनांत भरण्यासाठीं एक प्रमाण घेऊं. नॅनोसेकंद हा काळ इतका अल्प आहे कीं त्यांत प्रकाशही सुमारें ३० सेंटिमीटरच जातो. अमेरिकन नौदलांतील ग्रेस हॉपर ही विदुषी आपल्या व्याख्यानांत तेवढ्या लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांस वांटीत असे, तें एवढ्यासाठींच. हा नॅनोसेकंद एका सेकंदाएवढा ताणला असें समजा. मग गणकाच्या अगदीं हाताशीं असलेल्या सांठ्यांतून शब्द एका-दोन सेकंदांत येतो. बाहेरच्या मुख्य स्मृतींतून, सारी ये-जा धरून, दीड मिनिटाच्या आसपास. स्थिर तुकड्यांच्या कायम सांठ्यांतून, ज्यास एसएसडी म्हणतात, तो येण्यास एक अहोरात्र जातें. आणि फिरत्या चकतीवरून? जवळजवळ चार महिने. चुलीपासून डब्यापर्यंत हात नेण्यास दोन सेकंद आणि बाजारांतून जिन्नस येण्यास चातुर्मास, अशी ही गृहस्थी आहे.

इतिहासाच्या दृष्टीनें यांतील लक्षणीय गोष्ट अशी, कीं १९७० च्या तुकड्यांत १,०२४ बिट होते, आजच्या एका तुकड्यांत १,७०० कोटींहून अधिक मावतात; ही वाढ एक कोटि सदुसष्ट लक्ष पटींची. पण ३०० नॅनोसेकंदांची ती वाट आज त्या तुकड्यापुरती पाहिली तर तीसच्या आसपास आली आहे, म्हणजे दहा पटींनींच घटली. अलीकडे कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांसाठीं तुकडे एकावर एक रचून गणकास अगदीं खेटून बसवितात. त्यांतही रुंदीच फार वाढते, वाट फारशी तुटत नाहीं.

वाट तुटत नाहीं म्हणून गणकास एक नवी संवय लावण्यांत आली: स्मृतीकडून उत्तर येईपर्यंत रिकामें न बसतां, उत्तर काय येईल याचा अंदाज बांधून पुढचें काम करीत सुटावयाचें. अंदाज खरा ठरला तर वेळ वांचला. खोटा ठरला तर केलेलें काम पुसून टाकावयाचें. ही व्यवस्था वर्षानुवर्षे निर्धोक मानली गेली. ३ जानेवारी २०१८ रोजीं ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाऊन’ या नांवांनीं जें प्रकरण बाहेर आलें, त्यानें तिचें वर्म उघडें केलें. खोट्या अंदाजानें केलेलें काम पुसलें जाई खरें, पण त्या भरांत जी वस्तु लपलेल्या सांठ्यांत आणली गेली ती तेथेंच राही. परक्या कार्यक्रमानें मग फक्त घड्याळ लावून पाहावयाचें: अमुक जागा वाचण्यास वेळ लागला तर ती सांठ्यांत नव्हती, झटकन् मिळाली तर होती. एवढ्या भेदावरून, एकेक बिट करीत, दुसऱ्याचीं गुप्त अक्षरें वाचतां येत असत. कुलूप न तोडतां, केवळ डबा उचलण्यास किती वेळ लागला हें मोजून घरांतील जिन्नस ओळखण्याचा हा प्रकार. जगांतील बहुतेक सर्व मोठ्या कंपन्यांच्या गणकांस तो कमीअधिक लागू पडला. जे उपाय घाईघाईनें योजण्यांत आले, त्यांतील कांहींनीं अंदाज बांधण्यास लगाम घातला, कांहींनीं एका कामांतून दुसऱ्यांत जातांना पडदे अधिक जाड केले; आणि त्या वर्षीं पुष्कळ ठिकाणचीं यंत्रें, कांहीं कामांत तरी, आदल्या वर्षापेक्षां मंद चालूं लागलीं.